घोडेस्वार येण्याआधी ही जमीन कुणाची होती?

१८६७ साली मुंबईहून निघालेले ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’चे रूळ नागपूरला पोहोचले. दोनच वर्षांनी, १० मे १८६९ रोजी, अमेरिकेतल्या युटामध्ये प्रोमॉन्टरी समिट या ठिकाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना जोडले गेले. जॉन फोर्डने १९२४ साली त्यावर ‘द आयर्न हॉर्स’ हा मूकपट काढला. हे रूळ येण्याआधी अमेरिकेच्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध थांबताच तो भाव कोसळला. वेस्टर्न चित्रपटांचा नायक बहुतेकदा त्याच युद्धातून परतलेला असतो. काऊबॉयची टोपी आणि कमरेचं पिस्तूल आपल्याला परकं वाटलं, तरी त्या गोष्टीचा काळ आणि तिच्यामागची कारणं विदर्भाच्या ओळखीची आहेत. म्हणूनच नागपुरात एखाद्या गटाने अभिजात वेस्टर्न एकत्र बसून पाहायचं ठरवलं, तर त्यांनी ‘जगातले दहा सर्वोत्तम’ अशी आयती यादी घेऊ नये. नागपूरचे प्रश्न घेऊन चित्रपट निवडावेत, असं मला मनापासून वाटतं.

एकत्र पाहण्याची आणि नंतर बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला, १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि १९६८ साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं. सतीश बहादूर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट कसा वाचायचा हे पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. या चळवळीला वकिलातींकडून येणाऱ्या युरोपीय चित्रपटांचा मोठा आधार होता. वेस्टर्न मात्र लोकांनी तिकीट काढून थिएटरात पाहिले. ‘मॅकेनाज गोल्ड’ हा १९६९चा चित्रपट भारतात किती चालला, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारावं. त्याची आठवण गोड असली तरी चर्चेसाठी मी तो निवडणार नाही. सोन्याच्या दरीपलीकडे त्यात बोलण्यासारखं फार काही उरत नाही.

सुरुवात ‘स्टेजकोच’ने करावी. फोर्डचाच, १९३९चा, जेमतेम ९६ मिनिटांचा. जॉन वेन याच चित्रपटाने मोठा झाला आणि मॉन्युमेंट व्हॅलीचे ते लाल सुळके फोर्डने इथेच पहिल्यांदा वापरले. एका घोडागाडीत दारुडा डॉक्टर, पैशांची अफरातफर करून पळालेला बँकवाला, लष्करी अधिकाऱ्याची गरोदर पत्नी, जुगारी, दारूचा विक्रेता, तुरुंगातून पळालेला रिंगो आणि गावाने हाकलून दिलेली डॅलस ही वेश्या. वाटेत जेवणाचा प्रसंग येतो. रिंगो डॅलसला टेबलाशी बसवतो, तर सभ्य मंडळी उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. मराठी माणसाला हा पंक्तिभेद समजावून सांगावा लागत नाही. चर्चा इथूनच सुरू करावी आणि मग पुढचा प्रश्न विचारावा: डॅलसला माणूस म्हणून उभी करणाऱ्या याच चित्रपटात अपाचे लोक मात्र टेकडीवरच्या रांगेसारखे आणि उडणाऱ्या बाणांसारखे का दिसतात? त्यांच्यातल्या एकालाही नीट चेहरा का नाही?

‘स्टेजकोच’ आला त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनचं ‘द बैगा’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. बैगा आदिवासींची फिरती शेती, म्हणजे बेवर, सरकारने जंगल राखण्याच्या नावाखाली बंद करत आणली होती. १८९० साली मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ आखून देऊन बेवर तेवढ्यापुरतीच राहू दिली. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर होती आणि राज्यकारभार इथून चालत होता. त्याच १८९०च्या २९ डिसेंबरला अमेरिकेत वुंडेड नी इथे लाकोटांचं हत्याकांड झालं. एका ठिकाणी गोळ्या चालल्या, दुसऱ्या ठिकाणी नकाशावर रेघ ओढली गेली. दोन्हींना एकाच मापाने मोजणं अन्याय्य होईल, पण ज्यांचं जगणं जंगलाशी आणि कुरणाशी बांधलेलं होतं त्यांच्या जमिनीवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला, हे दोन्हीकडे घडलं. शिवाय नागपूर हे शहरच देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी वसवलं. इतकं सगळं हाताशी असताना इथे वेस्टर्न पाहायचा आणि जमिनीबद्दल बोलायचं नाही, हे मला पटत नाही.

हा प्रश्न सर्वांत खोलवर नेणारा चित्रपट म्हणजे ‘द सर्चर्स’ (१९५६). माझ्या यादीत तो मध्यभागी आहे आणि त्याला एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवावी. युद्ध हरलेला ईथन एडवर्ड्स १८६८ साली टेक्ससमध्ये भावाच्या घरी येतो. कोमांचींच्या हल्ल्यात ते कुटुंब मारलं जातं आणि धाकटी पुतणी डेबी पळवली जाते. ईथन तिला वर्षानुवर्षं शोधत फिरतो. हळूहळू आपल्या ध्यानात येतं की त्याला ती परत नकोच आहे. कोमांचींमध्ये वाढलेली मुलगी जिवंत असण्यापेक्षा मेलेली बरी, असं तो मानतो. बाटण्याची ही कल्पना आपल्या समाजाने काय कमी जपली? फाळणीत पळवून नेलेल्या आणि परत आणलेल्या बायकांना त्यांच्या घरांनी कसं वागवलं, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. शेवट सांगत नाही. पण लुक या कोमांची स्त्रीला ईथनचा शोधातला सोबती मार्टिन लाथ मारून उतारावरून ढकलतो, तो प्रसंग विनोदी म्हणून रचलेला आहे. थोड्या वेळाने तीच लुक घोडदळाच्या हल्ल्यात मरून पडलेली दिसते. आपण तेव्हा हसलो होतो का, हे गटाने एकमेकांना विचारावं. हेही सांगावं की कोमांची सरदार स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केली. कथा टेक्ससची असली तरी चित्रीकरण मॉन्युमेंट व्हॅलीत, म्हणजे नावाहोंच्या भूमीवर झालं आणि कोमांची म्हणून उभे राहिले ते नावाहो लोक. कथेच्या मुळाशी सिंथिया अ‍ॅन पार्करची हकीगत आहे असं मानतात. १८३६ साली पळवली गेलेली ही मुलगी १८६०मध्ये परत आणली गेली, तेव्हा तिला कोमांचींकडेच जायचं होतं.

‘हाय नून’ (१९५२) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) लागोपाठ दाखवावेत. पहिल्यात गॅरी कूपरचा मार्शल गावाकडे मदत मागतो आणि गाव पाठ फिरवतं. पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास कम्युनिस्टविरोधी चौकशीला तोंड द्यावं लागलं आणि त्यांचं नाव काळ्या यादीत गेलं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला मदतीची याचना करत फिरणारा मार्शल मुळीच पटला नाही. त्याने ‘रिओ ब्राव्हो’ हे सरळ उत्तर म्हणून काढला. भांडणाऱ्या दोन चित्रपटांची जोडी लावली की चर्चा चालवावी लागत नाही, ती आपोआप चालते.

‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) तर विदर्भात पाहण्यासाठीच आहे. त्यातला प्रदेश राज्याचा दर्जा मागतो आहे आणि मोठ्या पशुपालकांना तो नको आहे. १९५३चा नागपूर करार, १ नोव्हेंबर १९५६ रोजी गेलेलं राजधानीपण आणि वेगळ्या विदर्भाची मागणी ज्या शहराने जगली आहे, तिथे हा वाद रात्री उशिरापर्यंत रंगेल. त्या वादात वर्गातला एक प्रसंग हरवू देऊ नये. पॉम्पी हा कृष्णवर्णीय कामकरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल सांगत असतो आणि नेमकं सर्व माणसं समान असल्याचं वाक्य विसरतो. पुढे मतदान होतं तेव्हा तो बाहेर असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे या दृश्यावर कुणी गप्प बसेल असं वाटत नाही. त्याला जोडून सिडनी पॉइटियरने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘बक अँड द प्रीचर’ घ्यावा. गुलामीतून सुटलेली कुटुंबं पश्चिमेकडे निघालेली, आणि त्यांना परत मळ्यांवर ओढून नेणारी भाडोत्री माणसं पाठीमागे. बक ज्यांच्या भूमीतून जातो त्या मूलनिवासींशी वाटेसाठी बोलणी करतो. हॉलिवूडने गोऱ्या नायकांची गर्दी दाखवली, पण इतिहासकारांच्या अंदाजानुसार काऊबॉयांमध्ये चारातला एक कृष्णवर्णीय होता. हा चित्रपट १९७२चा, आणि आपल्याकडे दलित पँथरची स्थापनाही त्याच वर्षी झाली.

कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’, त्यावरून निघालेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ आणि तिथून १९७५च्या ‘शोले’तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येपर्यंत येणारी वाट बहुतेकांना माहीत असते. ती शेवटी घ्यावी. आधी घेतली तर सगळी चर्चा गब्बरपाशीच अडकते.

चालवण्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. चित्रपटाआधीचं बोलणं दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नये आणि त्यात कथा सांगू नये. चर्चा मराठीत व्हावी, ज्याला नागपुरी बोलीत बोलायचं त्याने तसंच बोलावं. ‘हा बाप्पा कोणाची जमीन वाचवून राहिला?’ हा प्रश्न कुठल्याही समीक्षेइतकाच नेमका आहे. पहिलं बोलणं नेहमीच्या जाणकाराला देऊ नये, नाहीतर बाकीचे ऐकतच राहतात. घरापुरतं पाहायचं असेल तर ठीक, पण सभागृहात दाखवायचं असेल तर प्रदर्शनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी.

आणि एक विनंती. ‘द सर्चर्स’च्या संध्याकाळी गोंड समाजातल्या अभ्यासकाला किंवा वनहक्क कायद्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्याला आवर्जून बोलवा, आणि चित्रपट संपल्यावर सर्वांत आधी त्यांनाच बोलू द्या.