निम्म्या वाटेची तालीम

इंग्लंडात वसंत ऋतू पंचांगात लवकर येतो, अंगाला मात्र उशिरा जाणवतो. मार्च महिन्यातील एखाद्या रविवारी बोचऱ्या वाऱ्यात एकाच रंगाच्या बंड्या घातलेली दहाबारा माणसे आरंभरेषेमागे हात चोळीत उभी असतात. त्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी परिचारिका, कोणी सुतार. गावच्या धावकांच्या क्लबाचे हे सभासद. एप्रिलात त्यांना लंडनची मॅरॅथॉन धावावयाची आहे, आणि आजची शर्यत तिच्या बरोबर निम्म्या अंतराची. रेडिंग शहरात १९८३ साली सुरू झालेली अर्धमॅरॅथॉन अशा शर्यतींपैकीच एक होय.

निम्मे अंतर धावून पुऱ्याची तयारी कशी व्हावी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. पुरे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजासनापर्यंत आखलेली ती वाट पुढे १९२१ साली प्रमाण ठरली. परंतु धावणाऱ्याच्या शरीराला राजवाड्यांशी कर्तव्य नसते. यकृत व स्नायू यांत साठविलेली शर्करा बहुतेकांना तीसएक किलोमीटर पुरते. ती सरत आली की पाय शिशाचे होतात. धावक याला ‘भिंत’ म्हणतात. अर्धी शर्यत या भिंतीच्या पुष्कळ अलीकडे संपते. म्हणजे खरी परीक्षा तीत होतच नाही!

तथापि ती निरुपयोगी नव्हे. पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्याने मांडलेल्या सूत्राप्रमाणे अर्ध्या शर्यतीच्या वेळेला सुमारे २.०८५ ने गुणले असता पुऱ्या शर्यतीचा अंदाज मिळतो. पावणेदोन तासांत अर्धी संपविणाऱ्याला पुरीसाठी ३ तास ३९ मिनिटे लागावीत. हे गणित त्या अंतरासाठी पुरेसा सराव झाला आहे असे गृहीत धरते. हिवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळी ज्याने लांब पल्ल्याच्या दौडी चुकविल्या, त्याला ते खुशाल फसविते.

दुसरा लाभ सामान्य दिसतो, पण मोलाचा असतो. कोणता बूट टाच सोलतो, न्याहारी किती आधी घ्यावी, धावता धावता गोड पाक पोटाला सोसतो की नाही, हे गर्दीतच कळते. पाण्याचेही तसेच. तहान नसता पीतच राहिल्यास रक्तातील सोडियम घातक प्रमाणात उतरू शकते. २००२ साली बॉस्टनच्या मॅरॅथॉनमध्ये एका धावपटू स्त्रीचा याच कारणाने अंत झाला.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र मनाची. पुष्कळ क्लबांत बेत ठरतो तो असा: पहिले पंधरासोळा किलोमीटर पुऱ्या मॅरॅथॉनच्या संथ गतीने एकत्र जावयाचे, मग ज्याला झेपेल त्याने वेग वाढवावा. बंदूक झाडली जाते, अनोळखी माणसे भराभर पुढे निघून जातात, आणि बेत डळमळू लागतो. अशा वेळी शेजारून कोणी नुसते ‘हळू’ म्हटले तरी काम होते. सोबतीचा उपयोग तो हाच.

आणखी एक उपयोग आहे, तो कोणालाच आवडत नाही. लंडनच्या शर्यतीतील जागा दुर्मीळ. क्लबांना मोजक्याच मिळतात व त्यांसाठी पुष्कळदा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. एवढ्या नशिबाने लाभलेली जागा नडगीतल्या ठणक्यापायी कोण सोडील? तो ठणका मनुष्य स्वतःपासूनही लपवितो. पण मागून धावणाऱ्या मित्राला पाऊल वाकडे पडलेले दिसते. एकाच बिंदूवर बोट ठेवता दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घेऊन तेथेच थांबावे व वैद्याकडे जावे. तसाच धावत राहिला तर तडा वाढतो, आणि एक शर्यत वाचविण्याच्या नादात अवघे वर्ष जाते. मित्राला हे तोंडावर सांगणे सोपे नसते.

आपल्याकडे ऋतूंचा हिशेब उलटा पडतो. २००४ पासून भरणारी मुंबईची मॅरॅथॉन जानेवारीत असते; तिच्यासाठी लांब दौडींचा आरंभ भर पावसात आणि आश्विनातल्या उकाड्यात करावा लागतो.

लंडनची पहिली मॅरॅथॉन २९ मार्च १९८१ रोजी झाली. अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉनसेन यांनी हातात हात घालून २ तास ११ मिनिटे ४८ सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली. क्लबांतील मंडळी हा प्रसंग आवडीने सांगतात. मात्र अर्ध्या शर्यतीच्या अखेरच्या दोनशे मीटरांत एकमेकांना मागे टाकावयास तीच चुकत नाहीत.

शर्यतीनंतरचा आठवडा हलक्या दौडींचा. मग आणखी एखादी तीसबत्तीस किलोमीटरांची दौड, आणि शेवटचे तीन आठवडे अंतर हळूहळू घटवीत न्यावयाचे.