गोळी किती दिवस घ्यायची?
जुनाट नैराश्य, त्यावरची औषधे आणि गोव्यात झालेले प्रयोग

"या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत." आणि, "आता बरं वाटतंय ना? मग बंद कर त्या गोळ्या." हे दोन्ही सल्ले एकाच घरात, पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात. पहिल्या सल्ल्यामुळे माणूस औषध सुरूच करत नाही. दुसऱ्यामुळे सुरू केलेले दीड-दोन महिन्यांत सोडून देतो. नैराश्याच्या औषधांबद्दल जगभर जे संशोधन झाले आहे, ते या दोन्ही सल्ल्यांच्या विरुद्ध जाते. त्यातले काही महत्त्वाचे संशोधन परदेशात नाही, शेजारच्या गोव्यात झाले आहे, आपल्यासारख्याच सरकारी दवाखान्यांत रांगेत बसलेल्या माणसांवर. म्हणून हा विषय घेतला आहे.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करू. मराठीत या आजाराला नैराश्य म्हणतात, आणि आपल्या घरांतल्या बोलीत त्याचे होते 'मायूसी'. अल्लाहच्या रहमतीपासून मायूस होऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे डॉक्टरने नैराश्य म्हटले की घरच्यांना ते इमानाच्या कमजोरीचे प्रमाणपत्र वाटते. मग सुनेला सांगितले जाते, नमाजात मन लाव, सब्र कर. ती बिचारी नमाज पढतेच आहे, सब्रही करते आहे. तिला पहाटे तीनला जाग येते, अंग मोडून येते, भूक नाही, कशात जीव रमत नाही, आणि हे असे दोन-तीन वर्षे चालले आहे. नमाज आणि दुआ माणसाला आधार देतात, यात वाद नाही. पण तापाने फणफणलेल्या मुलाला आपण दुआही देतो आणि दवाखान्यातही नेतो, तिथे आपल्याला दोन्हींत विरोध दिसत नाही.

हा फरक आपल्या जुन्या जाणकारांना ठाऊक होता. इ.स. ९३४ मध्ये वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. दुःख दोन तऱ्हेचे असते, असे त्यात त्यांनी मांडले. एकाचे कारण माणसाला माहीत असते, म्हणजे कोणी गेले, काही गमावले. दुसऱ्याचे कारण सांगता येत नाही. त्याचे मूळ शरीरात असते आणि त्यावर शरीराचा इलाज लागतो. अकराशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या अनेक घरांपेक्षा पुढची आहे, असे आम्हाला वाटते.

दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेल्या नैराश्याला डॉक्टर जुनाट नैराश्य म्हणतात. ते नेहमी रडण्याच्या रूपात दिसतेच असे नाही. आपल्याकडे ते डोके जड होणे, पाठ दुखणे, धडधड, थकवा, 'टेन्शन' अशा तक्रारींच्या आडून येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या तक्रारींचा अभ्यास केला, तेव्हा अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचाही नैराश्याशी संबंध दिसला. अशी बाई वर्षानुवर्षे शक्तीच्या बाटल्या आणि सलाईन घेत राहते. मूळ दुखणे कोणी विचारत नाही.

या औषधांचा शोध लागला तो टीबीच्या वॉर्डात. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध देत होते. खंगलेले रोगी औषधाने अचानक उत्साही झाले, हसू-बोलू लागले. पुढे हेच औषध नैराश्यावर वापरले गेले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण ओळखला. आज सर्रास दिली जाणारी फ्लुऑक्सेटिन ही गोळी अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मंजूर झाली.

पण अमेरिकेत गुण आला म्हणून म्हापशाच्या किंवा मडगावच्या ओपीडीतल्या गरीब रोग्याला येईल का? हा प्रश्न गोव्यात सरळ तपासून पाहिला गेला, आणि तो अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी रुग्णालयांच्या साध्या ओपीडीत येणाऱ्या ४५० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन, दुसऱ्याला औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, तिसऱ्याला बोलण्याचा उपचार म्हणजे समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिनचा गट नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा बरा होता, आणि त्यांचा एकूण खर्चही कमी झाला होता. समुपदेशनाचा मात्र त्या वेळी दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दोन महिन्यांनंतर औषधाच्या आणि दिखाऊ गोळीच्या गटांतला फरकही उरला नाही. हेही सांगायला हवे, कारण चांगले तेवढेच उचलून सांगणे म्हणजे औषध कंपनीची जाहिरात.

ते संशोधक तिथे थांबले नाहीत, हे आम्हाला विशेष वाटते. समुपदेशन चालले नाही, तर ते कोणी आणि कसे द्यावे याचा त्यांनी पुन्हा विचार केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मानस' अभ्यासात गोव्यातले २४ दवाखाने होते, १२ सरकारी आणि १२ खासगी, आणि रोगी २,७९६. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक नेमले. ते रोग्याला आजार समजावून सांगत, पुन्हा बोलावत, न आल्यास चौकशी करत. आजार जास्त असेल त्याला डॉक्टर गोळी देत, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ येत. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी या पद्धतीने शंभरातले सुमारे ६६ बरे झाले, नेहमीच्या पद्धतीने ४२-४३. खासगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गट सारखेच राहिले.

मग २०१७ चा अभ्यास. या वेळी नैराश्य चांगलेच वाढलेले ४९५ रोगी, गोव्यातलीच १० प्राथमिक आरोग्य केंद्रे, आणि सहा ते आठ बैठकांचा एक साधा कार्यक्रम. माणसाने सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करायच्या, भेटीगाठी, छोटी कामे, अंगणातली फेरी. तीन महिन्यांनी यातले शंभरातले ६४ आजाराच्या पातळीखाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचाराने ३९. म्हणजे १४ वर्षांपूर्वी जे फसले होते, ते पद्धत बदलल्यावर साधले.

गोळी की गप्पा, असा वाद मग उरतो का? वर्षानुवर्षे मुरलेल्या नैराश्यात तरी फारसा नाही. अमेरिकेत २००० साली जुनाट नैराश्याच्या ६८१ रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला. नुसत्या औषधाने शंभरातल्या ४८ जणांना गुण आला, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने तितक्याच जणांना, आणि दोन्ही मिळून दिल्यावर ७३ जणांना. त्यात वापरलेले नेफाझोडोन हे औषध पुढे यकृताला इजा होते म्हणून बहुतेक देशांतून बाजाराबाहेर गेले. पण दोन्ही उपचारांची जोड हा त्या अभ्यासाचा धडा टिकून आहे.

औषधे किती गुणकारी, यावर भांडणे अजून चालू आहेत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तपासलेली सगळी २१ औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. पण फरक सरासरीने मध्यमच होता. पहिल्याच गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागते, गोळी बदलावी लागते किंवा समुपदेशनाची जोड लागते. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते' हे वर्षानुवर्षे सांगितलेले सोपे स्पष्टीकरणही २०२२ मधल्या एका आढाव्यात टिकले नाही. त्यावरून काहींनी गोळ्याच खोट्या ठरवल्या. ते बरोबर नाही. डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या कमतरतेने होत नाही, तरी ती गोळीने थांबते.

आता शीर्षकातला प्रश्न. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्याआधी 'काही फरक नाही' म्हणून सोडणे म्हणजे भात शिजण्याआधी पातेले उतरवणे. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला डॉक्टर सांगतात, आणि आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. इंग्लंडमध्ये बराच काळ गोळ्या घेणाऱ्या आणि आता बरे असलेल्या ४७८ जणांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. अर्ध्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, अर्ध्यांच्या हळूहळू बंद केल्या. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी शंभरातले ५६ पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गोळी थांबवण्यात जोखीम आहे. पण बंद केलेल्यांतले ४४ जण वर्षभर ठीकच राहिले, तेव्हा 'जन्मभर सुटत नाही' हेही खरे नाही.

सोडायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी मात्रा उतरवत. एकदम सोडली की चक्कर, मळमळ, बेचैनी, वीज चमकल्यासारखे डोक्यात होणे, असे त्रास होतात. घरच्यांना वाटते व्यसन लागले. ते व्यसन नव्हे, शरीर सवयीतून बाहेर येत असते. सुरुवातीच्या मळमळीबद्दल सगळे बोलतात. नवराबायकोच्या संबंधांवर होणाऱ्या परिणामाबद्दल कोणी बोलत नाही, आणि पुष्कळ जण गुपचूप गोळी सोडतात ते यामुळेच. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे. या वयात काहींच्या मनात सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, न झोपता धावपळ करण्याचे झटके आले असतील, तर ते आधी सांगावे, कारण त्या आजारात नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने स्वतःच्या मनाने ना सुरू करावी, ना बंद.

रमजानचे विचाराल, तर यातली बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात. इफ्तारला किंवा सहरीला ती बसवता येतात. फक्त महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. लिथियम घेणाऱ्यांनी तर बोललेच पाहिजे, कारण अंगातले पाणी कमी झाले की त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. कॅप्सूलच्या वेष्टणातल्या जिलेटिनची शंका अनेकांना असते. ती मनात ठेवून औषध टाळण्यापेक्षा तोंडाने विचारा. एस्सिटालोप्रामसारखी औषधे साध्या गोळीच्या रूपातच मिळतात, आणि जेनेरिक घेतली तर स्वस्तही पडतात.

उरते ते अंतर. आम्ही राहतो त्या वडिवळ्याहून आधी कामशेत गाठायचे, तिथून लोकलने पुणे, मग ससून नाही तर येरवडा. तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ. भातलावणीच्या दिवसांत एवढा दिवस कोण मोडणार? आणि दर महिन्याला? औषध मध्येच सुटण्याची अर्धी कारणे मनात नसतात, रस्त्यावर असतात. टेली-मानसची १४४१६ ही मोफत सरकारी फोनसेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येते. औषधासाठी नाही तरी पहिल्या बोलण्यासाठी ती उपयोगी पडते. पण गोव्यात फरक पडला तो गावाजवळच्या केंद्रात बसणाऱ्या, नाव घेऊन विचारणाऱ्या माणसामुळे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी असे काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शंभरात ४ वरून २७ वर गेले. आपल्या नाणे मावळात आशाताई प्रत्येक घर ओळखते. कोणाची सून कधीपासून ओट्यावर येऊन बसत नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळते. हे प्रशिक्षण तिला द्या आणि या गोळ्या आरोग्य केंद्रातच मिळू द्या, ही मागणी पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी लेखी मांडायला हवी.