छाती कशी भरते? उलट्या बाकड्याची गंमत

श्रावणातल्या सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेला गेलायत कधी? जुन्नर तालुक्यातलं हे गाव. देवळात तांदळाच्या पिंडी बघायला झुंबड उडते, आणि कुस्त्या सुरू झाल्या की तीच झुंबड आखाड्याभोवती. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी गावांत यात्रा भरतात, कुस्त्या लागतात. लाल मातीत उतरलेल्या पैलवानाची छाती बघितली की प्रश्न पडतोच: एवढी छाती भरली कशी?

जिमला जाणारा एखादा दादा छातीठोकपणे सांगेल, "डिक्लाइन प्रेस मारल्याशिवाय छाती होत नाही!" म्हणजे काय, तर एक उतरतं बाकडं. डोकं खालच्या टोकाला, पाय वरच्या टोकाला अडकवलेले. त्यावर उताणं झोपायचं, वजनाचा दांडा छातीपाशी आणायचा आणि पुन्हा वर ढकलायचा. आता मला सांगा, आपण उलटे झोपलोय हे छातीला कसं कळतं?

त्यासाठी छातीचा स्नायू कसा आहे ते बघू. तो उघडलेल्या पंख्यासारखा असतो. त्याचे धागे गळ्याजवळच्या हाडापासून, छातीच्या मधल्या हाडापासून आणि फासळ्यांपासून निघतात, आणि सगळे एकाच ठिकाणी, दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला जाऊन चिकटतात. जाता जाता ते पीळही घेतात! सगळ्यात खालून निघालेले धागे दंडावर सगळ्यात वर जाऊन पोचतात. स्नायू एकच, पण त्याचे धागे वेगवेगळ्या दिशांनी ओढतात.

खरं वाटत नाही? मग आत्ताच करून बघा. उजवा हात समोर सरळ धरा, तळवा टेबलावर ठेवा आणि जोरात खाली दाबा. डाव्या हाताने छाती चाचपा. खालचा भाग टणक लागेल. आता तोच तळवा टेबलाच्या खालून लावा आणि वर रेटा. या वेळी गळ्याच्या हाडाखालचा भाग टणक झाला ना? हात धडाच्या कोणत्या दिशेला जोर लावतो, त्यावर कोणते धागे जास्त राबणार हे ठरतं. उतरत्या बाकड्यावर दांडा ढकलताना हात थोडे कमरेच्या दिशेने जातात, म्हणून खालच्या धाग्यांना जास्त काम पडतं. दादाचं एवढं म्हणणं बरोबर आहे.

आता खरी गंमत. हात पारावर आणि पाय जमिनीवर ठेवून पुशअप काढा. डोकं वर आहे, तरी हात आणि धड यांच्यातला कोन मात्र डिक्लाइन प्रेससारखाच! छातीला तो कोन कळतो, डोकं कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. भार मात्र बदलतो. साध्या पुशअपमध्ये आपल्या वजनाचा सुमारे 64 टक्के भार हातांवर येतो. हात 60 सेंटिमीटर उंचावर ठेवले तर तो 41 टक्क्यांवर उतरतो, आणि तेवढ्याच उंचीवर पाय ठेवले तर 74 टक्क्यांवर चढतो. तुमचं वजन 30 किलो असेल, तर साध्या पुशअपमध्ये तुम्ही 19 किलोंच्या आसपास पेलता. वजनाच्या काट्यावर दोन्ही हात टेकवून बघा, आकडा दिसेल.

आणि आपल्या तालमीतला जोर? तो तर मला फारच हुशारीचा व्यायाम वाटतो. सुरुवातीला कंबर वर, डोकं दोन्ही हातांच्या मध्ये खाली. म्हणजे धडाच्या हिशोबाने हात डोक्याच्या वर असतात. मग छाती मातीला घासेल इतकी खाली आणत अंग पुढे काढायचं. शेवटी कंबर खाली, मान वर, आणि तळवे पार कमरेजवळ आलेले. एका जोरात हात वरच्या कोनातून निघून खालच्या कोनापर्यंत येतात, आणि छातीच्या वरच्या-खालच्या सगळ्या धाग्यांना पाळीपाळीने काम मिळतं. उतरत्या बाकड्यावरचा कोन जोराच्या उत्तरार्धात आपोआप येऊन जातो! खांदे, पाठ आणि दंडही राबतात ते वेगळंच. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असल्याच मातीतून पुढे आले.

मग उतरत्या बाकड्यावर झोपावं की नाही? मोठ्यांनी हवं तर झोपावं. त्यावर दांड्याला कमी अंतर कापावं लागतं, म्हणून वजनही बहुधा जास्त उचललं जातं आणि अंगात बळ आल्यासारखं वाटतं. पण साध्या सपाट बाकड्यावरही छातीचे खालचे धागे भरपूर राबतात, त्यामुळे वेगळा फायदा थोडाच. शिवाय डोकं खाली असल्याने रक्त तिकडे धावतं, रक्तदाब असणाऱ्यांना ते बरं नाही. दांडा निसटला तर तो मानेकडे घरंगळू शकतो, म्हणून शेजारी कुणीतरी उभं असलंच पाहिजे.

तुमच्या वयाचं गणित आणखी निराळं. लहानपणी व्यायामाने ताकद वाढते, पण स्नायू फारसे फुगत नाहीत. मेंदूकडून निघणाऱ्या नसा जास्तीत जास्त धाग्यांना एकदम कामाला लावायला शिकतात, ही ताकद त्यातून येते. वयात आल्यावर धागे जाड होऊ लागतात, छाती तेव्हा भरते. तोवर पोटभर जेवण, पुरेशी झोप आणि वस्तादांच्या नजरेखाली काढलेले जोर एवढं पुरे. जोर जड जात असेल तर आधी हात पारावर ठेवून पुशअप काढा, ते जमले की जमिनीवर या.