नर घडवणारं मादीचं हार्मोन

नुकतंच जन्मलेलं उंदराचं पिल्लू पाहिलंय कधी? गुलाबी, उघडंबोडकं, वजन जेमतेम 5-6 ग्रॅम. डोळे उघडायला अजून दोन आठवडे आहेत. पण पिल्लू नर असेल, तर जन्मानंतर दोन-तीन तासांतच त्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झपकन वर चढतं आणि दिवस सरायच्या आत उतरूनही जातं. वयात यायला याला अजून सहा आठवडे आहेत. मग आत्ताच ही घाई कसली?

घाई मेंदूला असते. ती का, हे कळायला आधी मोठ्या मादीकडे बघावं लागेल.

उंदराच्या मेंदूत सुमारे 20 कोटी चेतापेशी असतात. प्रजननाची सगळी सूत्रं मात्र त्यातल्या हजार-दीड हजार पेशींच्या हाती. आणि या पेशी जन्मतात कुठे? नाकात! गर्भात असताना त्या नाकाच्या अस्तरात तयार होतात आणि तिथून वाट काढत मेंदूत शिरतात. हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या आसपास मुक्काम ठोकतात आणि थोड्याथोड्या वेळाने जीएनआरएच नावाच्या रसायनाचा एकेक झोत सोडतात. तो झोत मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पियुषिका ग्रंथीला मिळाला की ती आपली हार्मोन्स रक्तात सोडते, आणि ती पुढे अंडाशयाला किंवा वृषणांना कामाला लावतात.

इथवर नर आणि मादी सारखेच. मादीत मात्र दर चार-पाच दिवसांनी एक चमत्कार घडतो. ठरलेल्या दिवशी, दुपारी, या थेंब-थेंब स्रावाचा एकाएकी लोंढा होतो आणि त्या रात्री अंडाशयातून अंडी बाहेर पडतात. वेळ इतकी पक्की, की 1950 मध्ये एव्हरेट आणि सॉयर या शास्त्रज्ञांनी ऐन त्या दुपारी मादीला गुंगीचं औषध दिलं, तेव्हा लोंढा तासा-दोन तासांनी नव्हे, तर थेट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चोवीस तासांनी! म्हणजे मेंदूत घड्याळ आहे, आणि चुकलेली वेळ ते मध्येच भरून काढत नाही.

नराला हा लोंढा येत नाही. मोठ्या नराचे वृषण काढून त्याला मादीची हार्मोन्स टोचली, तरी येत नाही. का?

1936 मध्ये कॅरोल फायफर यांनी जन्मतःच काही नर पिल्लांचे वृषण काढले आणि ती मोठी झाल्यावर त्यांच्यात अंडाशयाचं रोपण केलं. त्या नरांच्या अंगात अंडाशय चक्क मादीसारखे वागू लागले, अंडी सोडू लागले. उलट, ज्या मादी पिल्लांना जन्मतःच वृषण रोपले होते, त्यांच्यातल्या अनेकींचे अंडाशय पुढे कधी अंडी सोडेनातच. फायफर यांनी निष्कर्ष काढला की फरक पियुषिकेत पडतो. प्रयोग अव्वल होता, निष्कर्ष चुकला. 1952 मध्ये जेफ्री हॅरिस आणि डोरा जेकबसन यांनी नराची पियुषिका मादीच्या मेंदूखाली बसवली, तर ती मुकाट मादीचं चक्र चालवू लागली. पियुषिका बिचारी हुकमाची ताबेदार. हुकूम देणारा वर, मेंदूत.

आणि मेंदूचं मत किती दिवसांत ठरतं? 1961 मध्ये चार्ल्स बॅरक्लॉ यांनी पाच दिवसांच्या मादी पिल्लांना टेस्टोस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं, सव्वा मिलिग्रॅमचं. त्या माद्या जन्मभरासाठी वांझ झाल्या. तेच इंजेक्शन विसाव्या दिवशी दिलं, तर कायमचं काहीच झालं नाही. खिडकी जन्माच्या आधीच्या काही दिवसांत उघडते आणि जन्मानंतर दहाएक दिवसांत बंद होते.

आता खरी गंमत. नवजात मादीला टेस्टोस्टेरॉनऐवजी इस्ट्रोजेन, म्हणजे जे आपण मादीचं हार्मोन म्हणून ओळखतो ते, दिलं तर काय होईल? तिचा मेंदू नराच्या वळणावर जातो! कारण मेंदूच्या पेशींत अरोमॅटेज नावाचं विकर असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे एका इस्ट्रोजेनमध्येच, करतं, आणि उंदरात मेंदूला नराचा साचा देण्याचं बरंचसं काम करतं ते हे इस्ट्रॅडिऑल.

मग प्रश्न पडायलाच हवा: आईच्या पोटात इस्ट्रोजेन मुबलक असतं. त्यात वाढणाऱ्या सगळ्याच मुली नर-मेंदूच्या का होत नाहीत?

कारण गर्भाच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन गस्त घालत असतं. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखं ते इस्ट्रोजेनचा चेहरा ओळखतं, पकडतं, आत सोडत नाही. टेस्टोस्टेरॉनला मात्र ते ओळखतच नाही. तो पाहुणा बिनदिक्कत आत जातो आणि पेशीच्या आत शिरल्यावर कपडे बदलतो! 2006 मध्ये हे प्रथिनच नसलेल्या माउसवर, म्हणजे उंदराच्या धाकट्या भाऊबंदावर, प्रयोग झाले. वॉचमन नसलेल्या त्या माद्या मोठेपणी मादीसारखं वागेनात आणि नरासारखं वागू लागल्या.

पेशीत शिरल्यावर इस्ट्रॅडिऑल करतं काय, तेही चक्रावून टाकणारं. मेंदूच्या एका भागात ते मरू घातलेल्या पेशी वाचवतं, म्हणून नरात तो भाग कित्येक पटींनी मोठा असतो. रॉजर गोर्स्की आणि सहकाऱ्यांनी तो 1978 मध्ये दाखवला. शेजारच्याच दुसऱ्या भागात मात्र तेच रसायन पेशींना मरायला लावतं. किसपेप्टिन नावाचं रसायन बनवणाऱ्या आणि दुपारचा लोंढा उठवणाऱ्या पेशी याच भागात असतात. मादीत त्या भरपूर, नरात तुरळक. लोंढा नराला का येत नाही, त्याचं मुख्य कारण हे.

याहून अनपेक्षित गोष्ट मार्गारेट मॅकार्थी यांच्या प्रयोगशाळेत 2004 च्या सुमारास दिसली. इस्ट्रॅडिऑल नवजात मेंदूत प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. हो, तेच प्रोस्टाग्लँडिन, ज्यामुळे आपल्याला ताप येतो, अंग दुखतं आणि ज्याला रोखायला आपण गोळी घेतो. त्याच्यामुळे नराच्या मेंदूतल्या चेतापेशींवर जोडण्यांचे कोंब दाट फुटतात. नवजात नराला प्रोस्टाग्लँडिन रोखणारं औषध दिलं, तर मोठेपणी त्याचं नर-वर्तन मंदावतं. मेंदूचा साचा ठरवण्यात तापाच्या रसायनाचा हात असेल, असं कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

बरं, मादीचा मेंदू म्हणजे काहीच न घडता आपोआप उरलेला मेंदू, असं पूर्वी धरून चालत. तेही खरं नाही. 2015 मध्ये दिसलं की मादीच्या मेंदूत काही जनुकांवर रासायनिक कुलपं घातलेली असतात, आणि ती सतत जपावी लागतात. ती उघडणारं औषध दिलं, तर खिडकी बंद झाल्यावरसुद्धा मादीचा मेंदू नराच्या वाटेने जातो. मादी असणं हेही मेंदूचं रोजचं काम आहे.

आणि पहिल्या दिवशीचा तो टेस्टोस्टेरॉनचा उसळा कोण आणतं? माउसवरच्या प्रयोगांनुसार, जन्मताच जाग्या होणाऱ्या जीएनआरएच पेशी. म्हणजे मेंदूच वृषणांना हुकूम पाठवतो आणि त्या हुकमामुळे आलेल्या रसायनाकडून स्वतःलाच घडवून घेतो! मी या विषयावर जितकं वाचलं, त्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटली.

मात्र उंदरावरून माणसाचं गणित परस्पर मांडू नका. माणसाचं अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला जवळजवळ पकडतच नाही. जन्मतः अरोमॅटेज नसलेले थोडे पुरुष वैद्यकाला माहीत आहेत. त्यांची हाडं उशिरापर्यंत वाढत राहतात, पण ते पुरुष म्हणूनच वाढतात आणि जगतात. आपल्यात टेस्टोस्टेरॉन बहुधा वेश न बदलताच काम करतं. टेस्टोस्टेरॉनचा उसळा मात्र आपल्याकडेही येतो: मुलगा एक ते तीन महिन्यांचा असताना तो चढतो आणि सहाव्या महिन्यापर्यंत ओसरतो.