भरलेले बिल आणि खात्यातली शिल्लक

मुदती हुंडी लिहून दिली म्हणजे रक्कम चुकती झाली, असे जुना व्यापारी मानीत नसे. मुदतीला पैसा हाताशी ठेवणे हेच खरे काम. घोटीच्या भाताच्या पेठेला हे सांगावयास नको. क्रेडिट कार्डाचे बिल धनादेशाने भरताना मात्र आपण ते विसरतो. धनादेश बँकेच्या पेटीत पडतो, कोणी उचलील तेव्हा कार्डाच्या बँकेकडे पोचतो, आणि मग समाशोधनास लागतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून समाशोधनाचा निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. विलंब होतो तो आधीच्या वाटेवर. तोवर पासबुकातली शिल्लक जशीच्या तशी! तीच आपण बियाण्याला घालून बसतो. धनादेश परत आला आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम भरली नाही, तर १८८१ च्या कायद्याचे कलम १३८ उभे राहते. तो फौजदारी गुन्हा आहे. म्हणून धनादेश लिहिल्या दिवशीच आपल्या वहीत रक्कम वजा करावी; पासबुकाची वाट पाहू नये. तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत विलंबशुल्क लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे खरा. पण चौथ्या दिवशी ते लागले, की मोजणी मूळ तारखेपासूनच होते.