ही मुंगी कोणती?

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या मैदानावर, गवताच्या बुंध्याशी, भुसभुशीत मातीचे लहान लहान ढीग दिसू लागतात. खेळताना एखाद्या मुलाचा पाय त्यावर पडतो आणि काही क्षणांतच पायाला चटके बसू लागतात. ‘लाल मुंग्या चावल्या’ एवढे म्हणून आपण विषय संपवतो आणि शिपाई ढिगावर पावडर टाकून जातो. परंतु ‘लाल मुंगी’ हे काही एकाच मुंगीचे नाव नव्हे. भारतातील मुंग्यांची जी यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत जाती आणि उपजाती मिळून ८२८ नावे आहेत. त्यांत तांबूस रंगाच्या मुंग्या कितीतरी आहेत. मग चटका देणारी ही मुंगी त्यांतली कोणती? हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात जगातल्या काही देशांना तो वेळेवर न विचारल्याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

दोन बहिणी

डंखाने आग होते म्हणून इंग्रजीत जिला ‘फायर अँट’ म्हणतात, तिला आपण आगमुंगी म्हणू. या मुंग्या सोलेनॉप्सिस या प्रजातीत मोडतात. त्यांतील दोन जाती आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली सोलेनॉप्सिस जेमिनाटा, म्हणजे उष्ण कटिबंधातील आगमुंगी. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १८०४ साली मध्य अमेरिकेतील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. ती मूळची अमेरिकेची असली तरी भारतात येऊन तिला बराच काळ लोटला आहे. बिंगहॅम यांच्या १९०३ सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील मुंग्यांवरील ग्रंथात तिची नोंद आहे. आज ती देशभर, महाराष्ट्रातही, सर्रास आढळते.

दुसरी सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. हिचे माहेर दक्षिण अमेरिका. ‘इन्व्हिक्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ अजिंक्य. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जीवांच्या प्रसिद्ध यादीत तिचा समावेश आहे. ती भारतात स्थिरावल्याची नोंद नाही. मात्र चीन, तैवान आणि ऑस्ट्रेलिया या देशांत ती पोहोचली आहे.

थोडक्यात, एक बहीण आपल्या अंगणात केव्हाच राहायला आली आहे आणि दुसरी अजून उंबरठ्याबाहेर आहे.

चावा की डंख?

आगमुंगी चावते आणि डंखही करते. ती आधी जबड्याने कातडी घट्ट पकडते, मग पोट वाकवून मागच्या टोकाची नांगी खुपसते. तेवढ्यावर न थांबता पकडलेल्या जागेभोवती फिरत ती पुन्हा पुन्हा डंख करते. म्हणून डंखाच्या खुणा पुष्कळदा अर्धवर्तुळात दिसतात. मधमाशीचे विष मुख्यतः प्रथिनांचे असते. आगमुंगीच्या विषाचा बहुतांश भाग तेलकट अल्कलॉइडांचा असतो. दाह होतो तो त्यांच्यामुळे. इन्व्हिक्टाच्या डंखानंतर साधारण एका दिवसात पांढरट फोड येतो. तो फोडू नये, नाहीतर जखम चिघळते.

विषात प्रथिने अल्प असली तरी काही व्यक्तींना त्यांची तीव्र अॅलर्जी असते. डंखानंतर श्वास लागणे, चेहरा किंवा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एरवी मुंग्या झटकून टाकाव्यात, जागा साबण-पाण्याने धुवावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

वसाहतीचे पोट

एका राणीपासून हजारो मुंग्यांची वसाहत कशी उभी राहते, ते पाहण्यासारखे आहे. पावसानंतरच्या दमट हवेत पंख असलेले नर आणि राण्या उडतात व हवेतच त्यांचे मीलन होते. नर लवकरच मरतात. राणी जमिनीवर उतरते, पंख गाळते, लहानसे बीळ खणून स्वतःला आत कोंडून घेते. ती बाहेर अन्न शोधायला जात नाही. ज्या स्नायूंनी ती उडाली, तेच स्नायू आता विरघळून तिचे आणि पहिल्या अळ्यांचे अन्न होतात. तीन-चार आठवड्यांत पहिल्या चिमुकल्या कामकरी मुंग्या बीळ उघडून बाहेर पडतात आणि संसार सुरू होतो. एकदाच मिळालेले शुक्राणू राणीला कित्येक वर्षे पुरतात. इन्व्हिक्टाच्या भरलेल्या वसाहतीत दोन लाखांहून अधिक कामकरी असू शकतात. काही वसाहतींत राण्याही अनेक असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रौढ कामकरी मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती ते शेवटच्या अवस्थेतील अळ्यांपुढे ठेवते. अळ्या ते पचवून द्रवरूपात परत देतात आणि तो द्रव तोंडातोंडी सगळ्या वसाहतीत, अगदी राणीपर्यंत पोहोचतो. अळ्या म्हणजे जणू वसाहतीचे सामाईक पोट. आपण वरून टाकलेली पावडर वाटेत सापडलेल्या कामकरींना मारते, खोल बसलेल्या राणीला नाही. राणी रोज अंडी घालतच असते, त्यामुळे काही दिवसांत शेजारीच नवा ढीग दिसतो. विष परिणामकारक व्हायचे तर ते सावकाश काम करणारे आणि अन्नात मिसळलेले हवे, म्हणजे मुंग्याच ते राणीपर्यंत नेतात.

गलबतापासून कंटेनरपर्यंत

मीलनानंतर राणी स्वतःच्या पंखांवर बहुधा एक-दोन किलोमीटरच जाते. मग या मुंग्यांनी महासागर कसे ओलांडले? याचे उत्तर माणूस हेच आहे. जेमिनाटाच्या जनुकांचा जगभरातील नमुन्यांवरून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिचा मोठा प्रवास सोळाव्या शतकात नैऋत्य मेक्सिकोतून सुरू झाला. त्या काळी स्पॅनिश गलबते मेक्सिकोतील आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधील मनिलाला जात. जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी माती आणि दगड भरत व बंदरात ते उतरवून माल चढवीत. मातीबरोबर मुंग्याही उतरल्या.

गलबते गेली, कंटेनर आले. मातीसह येणारी रोपे, यंत्रांना चिकटलेला चिखल, लाकडी खोकी, हिरवळीचे गालिचे ही आजची वाहने होत. परवान्याशिवाय परदेशातून माती आणण्यास भारतात बंदी आहे, ती अशाच कारणांसाठी.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्थानक लागते ते शहाड. हा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. न्हावा-शेवा बंदरात उतरलेला माल भिवंडीच्या गोदामांत येतो आणि भिवंडी येथून जवळच आहे. सगळीकडे बांधकामे चालू आहेत, भरावाची माती एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते, नव्या इमारतींच्या बागांसाठी रोपवाटिकांतून कुंड्या येतात. आगमुंगीला दाट जंगल मानवत नाही. उकरलेली, उघडी, उन्हाची जमीन तिला आवडते आणि तशी जमीन आपण तिला रोज तयार करून देत आहोत.

शिवाय उशाशी उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर येथील लोक विसरलेले नाहीत. पाणी वारुळात शिरले की इन्व्हिक्टाच्या कामकरी एकमेकींचे पाय जबड्यांनी व नख्यांनी पकडून तराफा बनवतात आणि राणी व अळ्या मध्ये ठेवतात. प्रत्येक मुंगीच्या अंगाला पाणी किंचित नकोसे असते, हजारो मुंग्या मिळून तर जलरोधक चटईच होते. असा तराफा कित्येक दिवस तरंगतो आणि जिथे टेकतो तिथे नवी वसाहत होते. ही मुंगी एकदा येथे रुजली, तर पूर तिला फुकट वाहून नेईल.

सरसकट मारल्याने काय होते?

१९३०च्या दशकात इन्व्हिक्टा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील बंदरात उतरली. ती पसरू लागल्यावर १९५७च्या सुमारास सरकारने मोठी मोहीम काढली. हेप्टाक्लोर आणि डायएल्ड्रिन ही विषे विमानांतून प्रचंड क्षेत्रावर टाकली गेली. पक्षी, मासे आणि जनावरे मेली. रेचेल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोहिमेवर कठोर टीका आहे. मुंगी मात्र संपली नाही. विषाने स्थानिक मुंग्याही मरत आणि मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी परतणारी असे ती आगमुंगीच. आज ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सर्वत्र आहे.

मैदानावर दिसेल त्या मुंगीवर पावडर टाकताना आपण लहान प्रमाणावर हेच करतो. नव्या पाहुणीला अडवणाऱ्या पहारेकरी म्हणजे आपल्या स्थानिक मुंग्या. उतरलेल्या एकाकी राण्यांपैकी बहुतेकींचा फडशा त्याच पाडतात.

जेमिनाटाचेही नुकसान कमी नाही. ती बिया पळवते, बटाटे कुरतडते. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी ती त्यांना राखते. हवाई बेटांवर उसाच्या शेतातील ठिबक सिंचनाच्या नळ्यांना तिने भोके पाडली. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की ती अनेक किडींच्या अळ्याही खाते.

ज्यांनी पाहिले, ते वाचले

न्यूझीलंडमध्ये इन्व्हिक्टा तीनदा शिरली, २००१, २००४ आणि २००६ साली. तिन्ही वेळा ती लवकर ओळखली गेली आणि तिचे उच्चाटन झाले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथेही ती २००१ सालीच सापडली, पण तोवर ती बरीच पसरली होती. ती मोहीम दोन दशकांनंतरही चालूच आहे. इटलीतील सिसिली बेटावर २०२३ साली ८८ वारुळे असल्याचे जाहीर झाले. स्थानिक लोकांना मात्र २०१९ पासूनच डंख होत होते. डंख कळला होता, पण मुंगी कोणती हे मधल्या काळात कुणी तपासले नव्हते.

याउलट उदाहरण मोबीलचेच आहे. १९४२ साली तेथील एका तेरा वर्षांच्या मुलाने घराशेजारच्या मोकळ्या जागेत ही मुंगी पाहिली आणि नोंदवली. अमेरिकेतील तिच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. पुढे जगप्रसिद्ध झालेले मुंगीतज्ज्ञ एडवर्ड विल्सन ते हेच. नववीतल्या मुलाला जमणार नाही असे यात काहीही नव्हते.

शाळेत काय करता येईल?

सकाळच्या वेळी पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर एका बाजूला गुळाचा खडा आणि दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याचे कूट ठेवा. असे पुठ्ठे मैदान, कुंपण, बाग, झाडाखालची जागा अशा पाच-सहा ठिकाणी ठेवा. अर्ध्या तासाने कोणत्या मुंग्या आल्या, किती आल्या, त्यांनी काय पसंत केले याची नोंद करा. पायांत बूट हवेत, हात मातीत घालू नये. चार-सहा मुंग्या ओल्या कुंचल्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत घ्या आणि चिठ्ठीवर तारीख व जागा लिहा.

मग भिंगाखाली तीन गोष्टी पाहा. आगमुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात आणि पाठीच्या मागच्या भागावर काटे नसतात. तिच्या स्पृशेचे दहा भाग असून शेवटचे दोन फुगीर असतात. कामकरी सुमारे दोन ते सहा मिलिमीटर लांब असून लहान, मध्यम, मोठ्या अशा सर्व आकारांच्या असतात. जेमिनाटाच्या मोठ्या कामकरीचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे, चौकोनी आणि मधोमध खाच असलेले असते. आपल्याकडील फायडोले ही मुंगीही मोठ्या डोक्याची असते. पण तिच्यात बहुधा लहान आणि मोठ्या अशा दोनच तऱ्हा असतात, मधल्या नसतात. तिच्या स्पृशेचे भाग बारा असतात आणि पाठीवर काटे असतात.

मातीचा घुमट मोठा आहे, त्याला वरून दार दिसत नाही, डिवचताच असंख्य मुंग्या उसळतात आणि मोठ्या कामकरींचे डोके मात्र बेताचेच आहे, असे आढळले तर नमुना जपून ठेवावा. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग किंवा पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र यांना तो दाखवावा. नमुना जेमिनाटाचा निघण्याची शक्यताच अधिक, आणि तेही चांगलेच. जिला ओळखीची बहीण नीट ओळखता येते, त्या शाळेला अनोळखी बहीण आल्याचे पहिल्या वर्षीच कळेल. दरवर्षी जून आणि ऑक्टोबरमध्ये हीच पाहणी करून वही पुढच्या वर्गाकडे सोपवत गेले, तर पाच वर्षांत शाळेपाशी अशी नोंद तयार होईल, जी आज आपल्यापैकी फारच थोड्या गावांपाशी आहे.