स्क्रोल सॉ : लाकडात जाळी उमलविणारा छंद

लाकडी कोरीवकाम म्हटले की पटाशी, हातोडी आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरी-व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी जेमतेम दोन-तीन तास मोकळे मिळणाऱ्या माणसाला ते कसे जमावे, ही शंका रास्तच म्हणावी लागेल. परंतु लाकूडकामाची एक शाखा अशी आहे, की जिच्यात पटाशीचा घाव लागत नाही, जागा शिलाई यंत्राएवढीच पुरते आणि पहिल्या काही आठवड्यांतच घरात मांडण्याजोगी वस्तू हातून उतरते. सुतासारख्या बारीक पात्याच्या करवतीने पातळ फळीत नक्षी कापण्याचे हे काम होय. हातातील धनुष्याकृती करवतीने ते केले तर त्या करवतीस ‘फ्रेट सॉ’ म्हणतात आणि विजेच्या यंत्रावर केले तर त्या यंत्रास ‘स्क्रोल सॉ’. साग आणि साल यांच्या वनांनी वेढलेल्या छत्तीसगडच्या राजधानीत, रायपुरात, या छंदाचे साहित्य शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

यंत्राची रचना साधी आहे. एकीवर एक अशा दोन समांतर भुजा आणि त्यांच्या टोकांमध्ये ताणून बसविलेले सुमारे पाच इंच लांबीचे पाते. मोटार सुरू झाली की पाते जागच्या जागी वरखाली होऊ लागते आणि कारागीर दोन्ही हातांनी फळी फिरवीत रेषेवरून पुढे नेतो. करवत एका जागी आणि लाकूड फिरते, अशी ही नेहमीच्या सुतारकामाच्या उलट रीत. जाळीतील आतले छिद्र कापावयाचे तर प्रथम तेथे बारीक भोक पाडावयाचे, पात्याचे एक टोक सोडवून त्या भोकातून ओवावयाचे, पुन्हा ताण द्यावयाचा आणि मगच कापावयाचे. शंभर छिद्रांची जाळी म्हणजे शंभर वेळा ओवणे. ज्या हातांनी पूर्वी भरतकाम केले आहे, त्यांना ही लय लवकर सापडते.

या कामाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल या कारागिराने सतराव्या-अठराव्या शतकांत कासवाच्या पाठीचे कवच आणि पितळ यांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून कापले व एकातील आकार दुसऱ्यात बसवून राजघराण्याचे फर्निचर सजविले. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात जगाचे नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले. मुलांना भूगोल शिकविण्याचे ते साधन पुढे ‘जिगसॉ’ कोडे म्हणून जगभर गेले. पण हा उद्योग सामान्य मध्यमवर्गीयांच्या घरात पोहोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघाले. पायाने चालविण्याची छोटी यंत्रे आणि साप्ताहिकासोबत मिळणारे पूर्ण आकाराचे नमुने यांच्या आधारे हजारो कारकून, शिक्षक आणि शाळकरी मुले रात्री दिव्याखाली जाळ्या कापू लागली. नमुन्याचा कागद हातोहात फिरत राहिला, म्हणूनच हा छंद फोफावला. ज्या कसबाचे पेच एकाच घराण्यात दडवून ठेवले जातात, ते त्या घराण्याबरोबर संपण्याचा धोका असतो. या छंदाची वाटचाल नेमकी उलट झाली.

लाकडाची निवड

रायपूरच्या आरामिलींतून आणि लाकडाच्या वखारींतून कापून उरलेले तुकडे या छंदास पुरेसे असतात. येथे सर्वत्र दिसणारा साल, म्हणजे स्थानिक बोलीतील ‘सरई’, हा राज्यवृक्ष खरा. परंतु त्याचे लाकूड जड, कठीण आणि उलटसुलट तंतूंचे असल्याने बारीक जाळीस मुळीच सोयीचे नाही. ते तुळईसाठीच ठेवावे. सागवान सुंदर दिसते, पण त्यात सिलिका असल्यामुळे पाती लवकर बोथट होतात. नवशिक्याने ‘खम्हार’ मागावे. मराठीत ज्याला शिवण म्हणतात तेच हे झाड. वजनाला हलके, फिकट रंगाचे आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे हे लाकूड बस्तरचे कारागीरही कोरीवकामासाठी वापरतात. हळदू हे पिवळसर, एकसारख्या पोताचे लाकूड मिळाल्यास तेही घ्यावे. अगदी सुरुवातीस मात्र तीन ते सहा मिलिमीटर जाडीचे चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरे. त्यातील थर एकमेकांस आडवे-उभे असल्याने नाजूक भाग सहसा तुटत नाहीत आणि रायपूरच्या कडक उन्हाळ्यानंतर येणाऱ्या दमट पावसाळ्यात ते भरीव फळीइतके फुगतही नाही.

नमुने कोठून आणावेत? परदेशी पुस्तकांतील हरणे आणि पाइनचे वृक्ष किती दिवस कापणार! रायपूरहून सहज एका दिवसात जाऊन येता येईल अशा सिरपूर येथे, महानदीच्या काठी, सातव्या शतकातील लक्ष्मण मंदिर उभे आहे. राणी वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ ते बांधविले. विटांच्या भिंतींवर कोरलेली त्याची गवाक्षे वहीत उतरवून घेतली की जाळीचा उत्तम नमुना तयार होतो.

त्याहूनही मोलाचा धडा सरगुजा जिल्ह्यातील पुहपुत्रा गावी मिळतो. सोनाबाई रजवार यांना त्यांच्या पतीने सुमारे पंधरा वर्षे गावापासून जवळजवळ तुटलेल्या एकांतात ठेवले होते. त्या घरात बाईंनी बांबूच्या चिरफळ्या वाकवून त्यांची कडी केली, ती एकमेकांना बांधली, वर माती लिंपली आणि ओसरीच्या खांबांमध्ये जाळ्या उभ्या केल्या. जाळीवर मातीचे पक्षी, माणसे, माकडे बसविली. पाहणारे कोणी नव्हते, शिकविणारे तर नव्हतेच. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनाची मंडळी तेथे पोहोचली तेव्हा हे काम जगापुढे आले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यानंतर बाईंनी ही कला इतरांना शिकविली आणि २००७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ती गावात रुजलेली होती. त्यांच्या जाळीचे छायाचित्र समोर ठेवून पाहावे. प्रत्येक कडे शेजारच्या कड्याला किमान दोन-तीन ठिकाणी टेकलेले दिसते. एखादे निखळले तरी बाकीची जाळी उभी राहते. लाकडी जाळीचा नमुना आखताना हेच पाहावयाचे असते.

अक्षरे कापताना

दारावरची नावाची पाटी ही बहुतेक छंदिष्टांची पहिली महत्त्वाकांक्षा. येथे देवनागरी लिपी एक मोठी देणगी देते आणि लगोलग तिची किंमतही वसूल करते. रोमन अक्षरे सुटीसुटी असतात. कापली की प्रत्येक वेगळे हातात येते. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द एका दांडीला टांगून धरते, त्यामुळे अख्खे नाव एकसंध निघते. पण ‘गणेश’ हाच शब्द घ्या, कारण सर्वाधिक वेळा तोच कापला जातो. ग, ण आणि श या तिन्ही अक्षरांचे उभे दंड अक्षराच्या अंगापासून सुटे असून केवळ शिरोरेषेला लोंबकळतात. भरीव फळीत लाकडाचे तंतू शिरोरेषेच्या दिशेने ठेवले, तर रेषा मजबूत होते. पण उभ्या दंडांत तंतू आडवे पडतात आणि पाटी पुसतानाच एखादा दंड काटकीसारखा मोडतो. तंतू उभे ठेवावेत तर शिरोरेषाच दुबळी होते. यावर उपाय दोन : एक तर प्लायवूड वापरावे, किंवा अक्षरांच्या पायथ्याशी एखादी वेल वा पट्टी फिरवून सगळे दंड तिला टेकवावेत.

‘आनंद’, ‘मंगल’, ‘शांती’ या नावांत वेगळीच गंमत होते. अनुस्वार कापताक्षणी टेबलाच्या भोकातून खाली पडतो आणि भुशात हरवतो! त्यास शिरोरेषेशी जोडणारा बारीक देठ आराखड्यातच ठेवावा. अक्षरे पोकळ कापावयाची असतील तर प, ब, व, ष यांच्या पोटातील लाकूड निसटते. तेथेही अरुंद पूल सोडावे लागतात. पत्र्याच्या साच्यातून रंगविलेली ट्रकवरची अक्षरे ज्यांनी बारकाईने पाहिली आहेत, त्यांना हे पूल परिचयाचे असतील.

एकमेकांस सांगण्याजोगे

पुस्तकात फारसे न सापडणारे आणि शेजारच्या छंदिष्टाकडून पाच मिनिटांत कळणारे असे पुष्कळ काही या कामात आहे. पात्याचे दात खाली रोखलेले असावयास हवेत; उलटे बसल्यास फळी उड्या मारू लागते. पात्यावरून बोट अगदी हलके वर नेले असता दात अडखळले, तर ते बरोबर बसले आहे असे समजावे. ही चाचणी अर्थातच यंत्राची वीज काढून करावयाची. ताण पुरेसा आहे की नाही हे तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे छेडून कळते : स्वच्छ सूर निघाला तर ठीक, बद्द आवाज आला तर सैल. अनेक पात्यांच्या एका कडेस घडणीतच किंचित खरखर राहते, त्यामुळे सरळ रेषा कापताना पाते एका बाजूस ओढ घेते. नवशिका स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. वास्तविक फळी थोडी तिरकी धरून ढकलली की काम भागते.

नमुन्याची झेरॉक्स प्रत थेट लाकडावर चिकटविल्यास ती नंतर खरवडून काढताना नाकीनऊ येतात. आधी कागदी मास्किंग टेप लावावी आणि तिच्यावर नमुना चिकटवावा. काम झाल्यावर सर्व एकदम सोलून निघते. शिसवासारखे कठीण लाकूड कापताना कडा जळून काळ्या पडत असतील, तर नमुन्यावरून पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पाते तीतून जाताना कमी तापते. कापण्याचा क्रम मधून बाहेर आणि बाह्यरेषा सर्वांत शेवटी, कारण चौकट शाबूत असेपर्यंतच फळीला बळ असते. एकच नमुना चार जणांना हवा असेल तर चार पातळ फळ्या एकत्र बांधून एकदाच कापाव्यात. बूलच्या कारखान्यातील युक्ती आजही तितकीच उपयोगी पडते. आणि पाते मोडू लागले की जोर वाढवू नये, पाते बदलावे. ही पाती शिवणाच्या सुईसारखी, संपण्यासाठीच असतात.

चार-पाच समछंदी मंडळींनी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी अंगणात जमावे हे उत्तम. मात्र येताना पूर्ण झालेल्या वस्तूबरोबर मोडलेली वस्तूही आणावी. साबूत जाळीची वाहवा होते आणि विषय संपतो. मोडलेल्या जाळीभोवती तासभर चर्चा रंगते.

एका बाबतीत मात्र कोणाचीही भीड बाळगू नये. या यंत्राचे पाते बोटांना त्या मानाने कमी धोक्याचे आहे. खरा धोका बारीक भुशाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश मानवाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केला. तो निष्कर्ष वर्षानुवर्षे भुशात राबणाऱ्या कामगारांविषयीचा असला, तरी बंद खोलीत दर रविवारी चार तास काम करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये. शिसवाच्या भुशाने काहींच्या त्वचेस खाजही सुटते. एमडीएफच्या फळ्यांत तर फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्य असते. तेव्हा एन-९५ मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर जाईल असा पंखा लावावा आणि शेवटी भुसा झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावा. घरात दम्याचा रुग्ण वा लहान मूल असल्यास यंत्र व्हरांड्यातच असावे.

शेवटच्या झिलईसाठीही दूर जाण्याचे कारण नाही. लाखेच्या उत्पादनात छत्तीसगड देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. कुसुम आणि पळस यांच्या झाडांवर ती पोसली जाते. त्याच लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात दिले की जाळीच्या कडांना मऊ चकाकी येते. जवसाचे तेलही चालते, परंतु तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा मोकळ्यावर पसरून वाळवूनच टाकावीत.

मराठी घरांत या छंदाची खरी कसोटी लागते ती भाद्रपदात. गणपतीचे मखर थर्मोकोलचे करण्याची प्रथा अनेक वर्षे चालली. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलवर बंदी आली. महाराष्ट्राबाहेरील कुटुंबांनाही दर वर्षी ते कचऱ्यात टाकताना वाईट वाटतच असते. सहा मिलिमीटर प्लायवूडची जाळीदार मखरे खिळा न ठोकता, एकमेकांत खाचा बसवून उभी करता येतात आणि विसर्जनानंतर सुटी करून कपाटामागे चपटी ठेवता येतात. त्यासाठी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, कडक उन्हाळ्यात, हवा कोरडी असतानाच सुरुवात करावी. खाचेची रुंदी आखताना ‘सहा मिलिमीटर’ या छापील आकड्यावर विसंबू नये. प्लायवूड प्रत्यक्षात थोडे कमी-अधिक भरते आणि चपड्याचे थर चढल्यावर पुन्हा जाड होते. झिलई दिलेल्या तुकड्याचीच जाडी मोजावी, एक खाच टाकाऊ फळीत कापून पाहावी आणि ती हाताच्या हलक्या दाबाने बसली, की मगच मखराला पाते लावावे.